रेव्हरंड जेम्स लॉसन यांना नाशिकमध्ये अभिवादन करताना

अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याला अहिंसेची शिस्त शिकवणारे मेथडिस्ट धर्मोपदेशक रेव्हरंड जेम्स लॉसन यांचे ९ जून २०२४ रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ नाशिकमध्ये कार्यक्रम करायचा असेल, तर प्रतिमापूजन आणि चार भाषणे एवढ्यावर तो संपू नये, असे मला मनापासून वाटते. लॉसन यांनी आयुष्यभर माणसे तयार केली. म्हणून कार्यक्रमाचा गाभाही प्रशिक्षणाचाच असावा.

दिवस २२ सप्टेंबर हा, म्हणजे त्यांच्या जन्मदिनाचा (१९२८) निवडावा. २ मार्चला काळाराम मंदिर सत्याग्रहाचा स्मरणदिन असतो, त्यामुळे दोन्ही जोडून घेण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण त्या दिवसाचा मान १९३० च्या सत्याग्रहींचाच आहे. जागेसाठी शरणपूरचा विचार अवश्य करावा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथील मिशनने आसरा आणि शिक्षण दिले होते, हे आज किती नाशिककरांना ठाऊक आहे?

प्रास्ताविक दहा मिनिटांचे पुरे, मात्र त्यात नागपूरचा उल्लेख हवाच. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारून तुरुंगवास भोगलेला हा तरुण १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आला, तेथे त्याने सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधील भेदभावाविरुद्ध पुकारलेल्या बहिष्काराची बातमीही त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. तथापि, अहिंसा ते भारतातच शिकले असे वक्त्याने सांगू नये. लहानपणी शिवी देणाऱ्या गोऱ्या मुलाला मारून ते घरी आले, तेव्हा ‘मारून काय साधले?’ असे आईने विचारले होते, आणि त्या प्रश्नापासून आपली वाट सुरू झाली असे ते स्वतःच सांगत.

यानंतरचा निम्मा वेळ सरावाला द्यावा. नॅशव्हिल या अमेरिकी शहरात लॉसन हे एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांकडून जी तालीम करून घेत, तिचीच ही छोटी आवृत्ती आहे. सात-आठ खुर्च्या एका ओळीत मांडून काहींनी त्यांवर बसावे आणि बाकीच्यांनी जमाव व्हावे: त्यांनी ओरडावे, खुर्ची हलवावी, वही हिसकावून घ्यावी. बसणाऱ्यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांचे नियम पाळावेत, म्हणजे उलट हात उगारू नये, शिवी देऊ नये, मोठ्याने हसू नये, ताठ बसून समोर पाहावे. लॉसन यांच्या तालमीत खऱ्या शिव्याही दिल्या जात. आपण मात्र जातिवाचक शब्द कटाक्षाने वगळावेत, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणी ते प्रत्यक्ष सोसलेले असू शकतात. ज्याला थांबावेसे वाटेल त्याने हात वर करताच सराव थांबवावा, मग भूमिका बदलाव्यात. जमावात उभे राहिल्यावर काय वाटले, हे प्रत्येकाने बोलून दाखवावे; अनेकांना तोच भाग अधिक जड जातो.

या तयारीनेच १३ फेब्रुवारी १९६० रोजी विद्यार्थी दुकानांतील जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि १० मे रोजी ते काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुले झाले. मधल्या काळात लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले होते. येथे पंचवटीची आठवण द्यावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही काळाराम मंदिराच्या दारांशी तुकड्या-तुकड्यांनी बसले होते आणि १९३० च्या रामनवमीला रथ ओढण्यावरून त्यांच्यावर दगडफेक झाली. दोन्ही लढ्यांतली शिस्त श्रोत्यांपुढे ठेवावी, त्यांत थोरला-धाकटा ठरवत बसू नये.

प्रमुख पाहुणे म्हणून पुढाऱ्याऐवजी घंटागाडीवरील सफाई कामगारांना बोलवावे. १९६८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात कचरागाडीत चिरडून दोन कामगार मृत्युमुखी पडल्यानंतर सफाई कामगारांनी संप पुकारला, त्याच्या रणनीती समितीचे अध्यक्ष लॉसन होते आणि त्यांच्याच बोलावण्यावरून मार्टिन ल्यूथर किंग तेथे आले. कामगारांची पाळी पहाटे सुरू होते, म्हणून कार्यक्रमाची वेळ त्यांना विचारून ठरवावी. शाल-श्रीफळ जरूर द्यावे, पण त्याआधी माईक त्यांच्या हाती द्यावा आणि हातमोजे, गाडीची दुरुस्ती, पगार यांविषयी ते जे सांगतील ते एका कार्यकर्त्याने जसेच्या तसे लिहून घेऊन त्याच आठवड्यात महापालिकेकडे निवेदन म्हणून द्यावे.