काऊ दाखवला, पण बघतच नाही? ऑटिस्टिक मुलासोबत सामाईक लक्षाचा सराव

भरवताना आई खिडकीकडे बोट करते, "तो बघ काऊ!" वर्षाच्या आसपासचं मूल कावळ्याकडे बघतं आणि मग वळून आईकडे बघतं. जणू विचारतं, तुलाही दिसला ना? कावळा, आई आणि मूल यांच्यात फिरणाऱ्या या नजरेला सामाईक लक्ष म्हणतात. बोलायला शिकणं, दुसऱ्याच्या मनातलं ताडणं यांची सुरुवात बरीचशी इथून होते. ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाला त्याच वेळी खिडकीच्या गजावरचं ऊन जास्त खेचत असू शकतं. त्याचं लक्ष नसतं असं नाही, ते एका जागी घट्ट बसलेलं असतं. त्याला तिथून ओढून आणण्यापेक्षा आपण तिथे जावं. पुढचा सराव साधारण दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे.

त्याआधी कान तपासून घ्या. हाकेला ओ न देण्यामागे कमी ऐकू येणं असू शकतं. आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी बेरा चाचणी लहान मुलांची झोपेत करता येते. मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे एम-चॅट-आर ही ऑटिझमची शक्यता तपासणारी २० प्रश्नांची चाळणी मागा. त्यात बोट दाखवण्याबद्दलही विचारतात. ही चाळणी म्हणजे निदान नव्हे.

१. तीन दिवस फक्त बघा. मूल कशात रमतं, किती वेळ, आणि तुमच्याकडे नेमकं कधी वळतं, हे वहीत लिहा.

२. जागा. टीव्ही, मोबाइल बंद. बाहेर दोन-तीनच खेळणी, बाकीची कपाटात. तुम्ही समोर बसा, चेहरा त्याच्या नजरेच्या रेषेत. त्यासाठी पालथं पडावं लागलं तरी पडा. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. भुकेच्या किंवा झोपेच्या वेळेला नको.

३. त्याचंच करा. तो गाडी उलटी करून चाक फिरवतोय? दुसरी गाडी घ्या, तुम्हीही फिरवा. त्याची हिसकावू नका, "गाडी अशी चालवतात" हेही नको. एक-दोन शब्द बोला, "गरगर... थांबलं." बहुतेक घरांत गाडी इथे अडते, कारण खेळाची तोंडी परीक्षा होते. हे काय? रंग कुठला? किती चाकं? अशा माऱ्यापुढे मूल पाठ फिरवतं आणि मग आपण म्हणतो, लक्षच देत नाही.

४. थांबायला शिका. हे सगळ्यांत अवघड, आणि अवघड मोठ्यांना. साबणाचे फुगे दोनदाच उडवा, झाकण घट्ट लावा, बाटली हनुवटीजवळ धरा आणि मनात दहापर्यंत सावकाश मोजा. बोलू नका. मूल तुमचं मनगट धरून बाटलीवर ठेवेल, आवाज काढेल किंवा नुसती नजर उचलेल. यातलं काहीही चालेल, लगेच "फुगा!" म्हणून फुंका. तळहातावरच्या मोराला चारा घालायच्या खेळातही "भुर्रर्र"च्या आधी असाच दम धरा. "माझ्याकडे बघ" म्हणू नका, हातानं त्याची हनुवटी वर करू नका. काही मुलांना नजर मिळवणं खरोखर त्रासाचं होतं, ती कडेनं बघून ऐकतात.

५. बोट. आधी वस्तूला टेकवून, मग वीतभर अंतरावरून, नंतर खोलीच्या टोकाला, शेवटी खिडकीबाहेर. दूरच्या वस्तूपासून सुरुवात केली तर मूल तुमच्या बोटाकडेच बघत राहतं. बिस्किटाकडे बोट करणं मागण्यासाठी असतं आणि ते आधी येतं. विमानाकडे बोट करून तुमच्याकडे बघणं वाटून घेण्यासाठी असतं. ते उशिरा येतं, आणि पहिल्याच्या जोरावर आपोआप येत नाही. म्हणून फक्त "माग, मग देते" यावर थांबू नका.

पालकांच्या हातून हे किती साधतं? गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या 'पास' या चाचणीत (निष्कर्ष २०१६) बिगर-तज्ज्ञ कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. एकत्र लक्षाचा वेळ मात्र उलट घटला. म्हणून घड्याळ लावून मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. दिवसात किती वेळा मुलानं आपणहून सुरुवात केली, ते वहीत टिपा.

६. दुसऱ्याला काय माहीत. हे पुढचं, बोलणाऱ्या मुलांसाठी. १९८५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एक बाहुलीखेळ दाखवला: सॅली या बाहुलीची गोटी तिच्या माघारी दुसरीकडे हलवली, आता ती कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी गोटी खरी जिथे आहे ती जागा दाखवली, सॅलीनं ठेवली होती ती नव्हे. घरी हेच उघड बोलून दाखवा. आजीसमोर लाडू डब्यात ठेवा, ती देवळात गेल्यावर पातेल्यात हलवा. "आजीनं पाहिलं नाही. तिला वाटतंय डब्यातच आहेत." आजी आल्यावर तिला डबा उघडू द्या. चुकलं तर हसू नका, पुन्हा सांगा.

न समजणं दोन्हीकडचं असतं, इतरांनाही हे मूल कळत नाही. शाळेतल्या बाईंना आधीच कागदावर लिहून द्या: हा खाली बघून ऐकतो, उत्तराला दहा सेकंद लागतात, मधे प्रश्न पुन्हा विचारला की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.