इंदूरच्या फाल्गुनात गच्चीवरची भाजी

फेब्रुवारी संपत आला की इंदूरला दुपारी पंखा लागतो आणि पहाटे परत पांघरूण ओढावं लागतं, त्यात मधेच पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवा) आला की ढग, वारा, एखाद्या वर्षी गारासुद्धा. म्हणून सगळं बी एकदम लावू नका. भेंडी, गिलकी (घोसाळी), दुधी, काकडी निम्मं आत्ता आणि निम्मं दहा-बारा दिवसांनी, म्हणजे पहिली खेप थंडीत अडकली तरी दुसरी हाताशी असते. भेंडीला कोमट माती लागते, रात्री गार असतील तर बी नुसतं पडून कुजतं. लावायच्या आधी रात्रभर भिजवा, कारल्याचं टरफल जाड असतं त्याला पूर्ण दिवस द्या.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष द्या हं, झाडं जास्त त्यातच जातात. आपली माळव्याची काळी माती वरून भेगाळलेली दिसते पण आत ओल धरून असते, त्यामुळे बोट दोन पेरं खाली घालून बघा, ओल लागली तर पाणी नको. कुंडीत नुसती काळी माती भरूच नका, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. टोमॅटोला आधी कोरडं ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिलं की फळं तडकतात, नियमित थोडं थोडं बरं, वर वाळक्या पाल्याचा थर घाला. पारा ३५च्या वर गेला की फुलं गळायला लागतात, तेव्हा दुपारपुरती ग्रीन नेट.

हीच नेट गारांनाही कामाची, पण झाडावर टाकायची नाही, बांबूंवर हातभर उंच, एका बाजूला उतार देऊन ताणायची. गारा पडून गेल्या की कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, फाटलेली पानं काढा, आणि लगेच खत नको, आधी नवा फुटवा येऊ दे.

ढगाळ हवेत मावा ही रस शोषणारी कीड पटकन वाढते, भेंडी-चवळीची पानं उलटून बघत जा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, तरी राहिली तर लिटरला ५ मिली नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळीच, उन्हात पानं करपतात.

रंगपंचमीला गच्चीवर पोरं पाणी उडवणारच, कुंड्या आदल्या दिवशीच कोपऱ्यात सरकवा. मेथी-पालक तोवर फुलावर आलेले असतील, ते उपटून त्याच कुंडीत चवळी टाका.