ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्ड घेताना आधी कान शोधा

ब्लू नोट ही जुनी अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनी. तिच्या रेकॉर्ड घ्यायच्या तर सुरुवात ओरिजिनल रेकॉर्डने करू नका. ‘घ्यायची तर पहिलीच आवृत्ती’ असं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना विकायची असते. आधी फोनवर ऐका: कोलट्रेनची ‘ब्लू ट्रेन’, ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’, एरिक डॉल्फीची ‘आउट टू लंच’. तिसरी पहिल्या दमात आवडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मला दोन वर्षं लागली. जी पुन्हा ऐकावीशी वाटेल ती ब्लू नोटच्याच ‘टोन पोएट’ या नव्या आवृत्त्यांच्या मालिकेत निघाली आहे का बघा. २०१९ पासूनच्या या मालिकेच्या रेकॉर्ड मूळ टेपवरून काढलेल्या आणि उत्तम असतात. फक्त ऐकायचंच असेल तर तुमचं काम इथेच झालं.

ऐकताना एक करा. ‘ब्लू ट्रेन’च्या सुरुवातीला टेनर सॅक्सोफोन, ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन एकत्र येतात, तेवढाच तुकडा चार वेळा लावा. १५ सप्टेंबर १९५७ चं रेकॉर्डिंग, ट्रंपेटवरचा मॉर्गन तेव्हा १९ वर्षांचा. तिघांचा श्वास एका ठिकाणी पडतो त्यामागे पैसा आहे: ब्लू नोटचा मालक अल्फ्रेड लायन वादकांना तालमीचेही पैसे देत असे, जे तेव्हा फारसं कोणी करत नव्हतं.

आता जुन्या रेकॉर्ड. इथेच माझे पैसे बुडाले.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये रेकॉर्डचा बाजार भरतो. तिथे ‘साइडवाइंडर’ मिळाली. कव्हर जुनं, लेबल निळं-पांढरं, खाली ‘न्यू यॉर्क यूएसए’, शेवटच्या ट्यूननंतरच्या कोऱ्या काळ्या पट्टीत ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा. सगळं जुळलं. दीडशे डॉलर मोजले आणि नाचत घरी आलो. महिन्याभराने एका जाणकार मित्राने ती दिव्याखाली तिरकी धरली आणि विचारलं, “कान कुठे आहे?”

तोवर मला कान ठाऊकच नव्हता. ब्लू नोटच्या रेकॉर्ड प्लास्टीलाइट नावाच्या कारखान्यात दाबल्या जायच्या. त्या कारखान्याची खूण म्हणजे हाताने कोरलेला वळणदार इंग्रजी ‘पी’, आणि तो हुबेहूब कानासारखा दिसतो. १९६६ च्या सुमारास ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली आणि प्लास्टीलाइटचं काम थांबलं. पण गोदामातली जुनी लेबलं, जुनी कव्हरं कोण फेकून देतं? लिबर्टीने तीच वापरून संपवली. माझी रेकॉर्ड त्यातलीच निघाली: जुन्या कपड्यातली, पण दुसऱ्या घरची.

तेव्हा क्रम असा ठेवा. कव्हरवरचा पत्ता वाचू नका, त्यावरून काही ठरत नाही. लेबलावर ‘लिबर्टी’ लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर फोनचा टॉर्च समोरून नको, बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि रेकॉर्ड सावकाश फिरवा. कान बोटाच्या नखाहून लहान असतो, कधी इतका पुसट की सावली पडल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही बाजू बघा. विकणारा ‘असतो हो, दिसत नाही एवढंच’ म्हणाला तर रेकॉर्ड परत ठेवा. आणि १९६७ नंतर पहिल्यांदा निघालेल्या रेकॉर्डवर कान शोधत बसू नका, तिथे तो नसणारच.

‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ या खुणेचा अर्थ वेगळा. ती रूडी व्हॅन गेल्डरची. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. ही खूण सांगते की मास्टर, म्हणजे ज्यावरून पुढे साचे बनतात ती पहिली तबकडी, त्याने कापला. कारखाना कुठला, हे ती सांगत नाही. लिबर्टीने त्याचेच साचे पुढे वापरले, म्हणून खूण आहे पण कान नाही अशा रेकॉर्ड भरपूर सापडतात. माझं ठाम मत: ऐकणाऱ्याने याच घ्याव्यात. आवाज जवळपास तोच, किंमत बरीच कमी. फक्त ओरिजिनलच्या भावात घेऊ नका.

दुसरी फसगत चकाकीची. ओरखडा नसलेली रेकॉर्डही आतून झिजलेली असू शकते, कारण त्या काळच्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांड्याने) खाचा घासल्या जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वाजवून बघायची सोय असेल तर बाजूची शेवटची ट्यून लावा. आतल्या खाचांत झीज आधी ऐकू येते. ट्रंपेट वर चढताना फाटल्यासारखा वाजला तर कान असला तरी सोडून द्या.

रीड माइल्सची कव्हरं देखणी आहेत, फ्रान्सिस वुल्फचे फोटो त्याहून. भिंतीवर लावायची असतील तर उन्हात लावू नका.

घरी आणल्यावर धुवा, नव्या आतल्या पाकिटात घाला, उभी ठेवा. जुनं छापील पाकीट टाकू नका, पण त्यावरून रेकॉर्ड कुठल्या सालची हेही ठरवू नका. साठ वर्षांत ती पाकिटं या रेकॉर्डची त्या रेकॉर्डला किती वेळा गेली असतील, कोण जाणे. माझ्या ‘साइडवाइंडर’मध्ये तर एका पोल्का बँडचं होतं.