स्वस्त प्रीअँप: व्हॉल्यूम ‘8’ वरच भडकतो, त्यावरचा उपाय

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एनई5532 या ऑप-अँप चिपचा तयार प्रीअँप बोर्ड (पॉवर अँपच्या आधी लागणारा, व्हॉल्यूम सांभाळणारा) घरच्या स्टिरिओला पुरतो, पण गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, आधी बघा. डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा) किंवा सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो आणि स्पीकर चालवणारे बहुतेक पॉवर अँप 1 व्होल्टच्या आसपास पूर्ण ताकदीला पोचतात. त्यात बोर्डाचा गेन 10 पट! मग नॉब घड्याळातल्या 8 वर जाताच चाळ जागी होते. वर पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही चॅनल सारखे धरत नाही, त्यामुळे आवाज एका बाजूला ओढला जातो.

माझ्या बोर्डावर फीडबॅकचा रेझिस्टर 10 के (किलो-ओहम) आणि ग्राउंडकडचा 1.1 के होता. गेन म्हणजे 1 + 10/1.1. दोन्ही चॅनलचा 1.1 के काढून 10 के, 1 टक्कावाला मेटल फिल्म लावला. गेन 2 झाला, आवाज 14 डीबी उतरला. आता रोजचं ऐकणं 12 च्या आसपास.

पॉट लॉगच घ्या (कानाला आवाज सारखा वाढत जातो असा), लिनिअर नको. पावसाळ्यात तो खरखरला तर आधी काँटॅक्ट क्लीनर मारा. गुणगुण असेल तर ट्रान्सफॉर्मर बोर्डापासून लांब सरकवून पाहा. टर्नटेबलला मात्र हा बोर्ड चालणार नाही, त्याला आरआयएए इक्वलायझेशनचा (रेकॉर्ड कापताना बदललेला बास-ट्रेबल परत जागेवर आणणारा) फोनो प्रीअँपच लागतो.