निसर्गचित्रांचे स्वस्त प्रिंट घेताय? या चुका टाळा

परवा पुन्हा एकाने फोटो पाठवला. सात फुटी सोफा, मागे कोरी भिंत आणि तिच्या मधोमध धुक्यातल्या डोंगरांचं ए-३ आकाराचं चित्र. सोबत प्रश्न: ‘काहीतरी खटकतंय. सोफ्याचं कव्हर बदलू का?’ कव्हरने काय घोडं मारलंय? ए-३ आडवं धरलं तरी साडेसोळा इंच, आणि सोफा ८४ इंचांचा. पाकिटावर तिकीट चिकटवावं तसं ते चित्र दिसत होतं.

असे फोटो येतच राहतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

चित्र आवडलं, भिंत मोजलीच नाही

मोबाईलवर सगळी चित्रं एकाच मापाची असतात, स्क्रीनएवढी. तिथे दरी भव्य वाटते आणि मग स्वस्तात पडतो म्हणून सगळ्यात लहान आकार मागवला जातो. निसर्गचित्राला हे फार बाधतं. चेहऱ्याचं चित्र लहान असलं तरी नजर धरून ठेवतं. डोंगरदरीत मात्र नजरेला लांबवर फिरायला जागा लागते. ती नसली की चित्राचं कॅलेंडर होतं.

माझा ठोकताळा असा: सोफा किंवा पलंग जेवढा रुंद, त्याच्या साधारण दोन तृतीयांश, फ्रेम धरून. सात फुटांच्या सोफ्यावर ५६ इंच. एवढा मोठा प्रिंट परवडत नसेल तर दोन-तीन मध्यम चित्रं शेजारी शेजारी लावा, मधे दोन-अडीच इंच सोडून. फक्त क्षितिजरेषा बघून घ्या. एका चित्रात आकाश तळाशी टेकतंय आणि शेजारच्यात अगदी वर, असं असेल तर फ्रेम तंतोतंत एका ओळीत असूनही कुणीतरी वाकड्या ठोकल्यासारख्या वाटतात.

मागवण्याआधी मी जुनी वर्तमानपत्रं जोडून चित्राच्या मापाचा कागद कापतो, चिकटपट्टीने भिंतीवर लावतो आणि दोन दिवस तसाच ठेवतो. घरचे हसतात. दुसऱ्या दिवशी तेच म्हणतात, ‘अजून थोडं मोठं चालेल की!’ हे दोन दिवस लोकांना का जड जातात मला कळत नाही. नको त्या मापाचं चित्र मात्र पाच-पाच वर्षं गुमान सहन करतात.

लहान फाइल ताणून मोठी करणं

यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. मित्राने पहाटेच्या तळ्याचा फोटो काढला होता, समोरच्या काठावर झाडी, वर निळ्यातून हळूच गुलाबी होत जाणारं आकाश. त्याने तो चॅटवर पाठवला आणि मी तोच छापायला टाकला, ३६ इंच रुंद. अपलोड करताना पिवळा त्रिकोण आला, फाइलचा दर्जा कमी असल्याचा. मी ‘पुढे’ दाबलं. मोबाईलवर इतकं सुरेख दिसतंय, त्रिकोणाला काय कळतंय!

आठवड्याने नळकांडं आलं. उलगडलं तर झाडीचा हिरवा लगदा झालेला आणि आकाशात पट्टे. रंग जिन्याच्या पायऱ्या उतरावेत तसा टप्प्याटप्प्याने खाली येत होता. मग हिशोब केला. फाइल १,२०० पिक्सेल रुंद, ३६ इंचांवर पसरली तर इंचाला ३३ पिक्सेल. छापणाऱ्याशी भांडायलाही तोंड उरलं नाही. मित्राकडे मूळ फाइल ६,००० पिक्सेलची होती, फक्त मागायची होती. चॅटवरून पाठवलेला फोटो वाटेत आकसतो, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

तेव्हा आधी भागाकार करा: रुंदीचे पिक्सेल भागिले छापायचे इंच. हातात धरून बघायच्या चित्राला ३०० लागतात, भिंतीवरच्याला १५० पुरतात. १०० च्या खाली मी हात लावत नाही. आकाश सगळ्यात आधी दगा देतं, म्हणून १०० टक्के झूम करून आकाश आणि क्षितिजाजवळची झाडं तपासा. तरी शंका असेल तर चित्र पूर्ण मापाला मोठं करून त्यातला आकाश आणि झाडं दोन्ही येतील एवढाच तुकडा ए-४ वर छापा आणि भिंतीवर लावून लांबून बघा. ‘एआयने फाइल मोठी करून घेतो’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, झाडांना पानं येतात खरी, पण ती कुठल्याच झाडाची नसतात.

चांगली फाइल हवी तर पैसेही लागत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा सगळ्यांना वापरायला खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडूनही अशा फाइली मिळतात. व्हॅन गॉगचं १८८९ मधलं सरूची झाडं असलेलं गव्हाचं शेत आणि जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, दोन्ही मेट्रोपॉलिटनमध्ये आहेत. गंमत म्हणजे होकुसाईचं लाकडी ठशाने छापलेलं मूळ चित्र जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटरचं, ए-३ पेक्षाही लहान. लहान भिंतीसाठीच जन्मलेलं चित्र! लोक नेमकं तेच चार फुटांना फुगवतात, वर चौरस कापतात आणि होडी अर्धवट तोडतात.

फ्रेमचा विचार शेवटी

कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३:२, मोबाईलचा ४:३, ए-३ किंवा ए-२ चा कागद साधारण १.४१:१. एकाचं दुसऱ्यात नीट बसत नाही. मग ‘कडेचं थोडं कापलं तर काय बिघडलं’ सुरू होतं, आणि ज्या झाडाने अख्खं चित्र तोलून धरलेलं असतं ते नेमकं कडेलाच असतं. न कापता मापाची फ्रेम करून घ्यावी तर ती प्रिंटपेक्षा महाग पडते. मी उलटं करतो: आधी तयार मापाची फ्रेम बघतो, मग तिच्यात बसणारं चित्र शोधतो. फरक थोडा असेल तर माउंटची, म्हणजे चित्राभोवती फ्रेमच्या आत बसवलेल्या जाड कागदाच्या चौकटीची, पट्टी कमीजास्त करून भागतं.

माउंटचा आणखी एक उपयोग म्हणजे प्रिंट काचेला टेकत नाही. दमट हवेत टेकलेला प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना आकाशाची साल निघते.

बाकीच्या, पटापट

थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. स्वस्त प्रिंट बऱ्याचदा डाय शाईचे (विरघळलेल्या रंगाच्या शाईचे) असतात, त्यांच्यातला लाल-पिवळा उडून संध्याकाळची निळी पहाट होते. पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची, जास्त टिकणारी) आहे का, एवढं विचारून घ्या.

प्रिंट गडद आला म्हणून चिडू नका. स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. चित्र निवडताना ब्राइटनेस निम्म्यावर आणा.

कॅनव्हास चौकटीवर ताणताना कडा मागे दुमडतात. कडेला होडी किंवा घर असेल तर गेलं.

उशीच्या खोळीशी रंग जुळवून चित्र घेऊ नका. खोळ वर्षभरात बदलते.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. सोफ्यावर लावत असाल तर पाठीच्या १५-२० सेंटिमीटर वर खालची कड. छताजवळ टांगलेल्या तळ्याकडे मान वर करून कोण बघणार?

नळकांड्यातून आलेली गुंडाळी उलटी वळवून सरळ करायला जाऊ नका, कागदाला चंद्रकोरीसारख्या सुरकुत्या पडतात आणि त्या जात नाहीत. स्वच्छ कागद घालून जाड पुस्तकांखाली दोन रात्री दाबून ठेवा. तेवढ्यात भिंतीला खिळा ठोकून होईल.