दोआई स्टेशन बघायला जाताय? मग कोणत्या गाडीने उतरायचं आणि कोणत्या गाडीने परतायचं ते आधी ठरवा

जपानमध्ये गुन्मा प्रांतात, मिनाकामीच्या पुढे डोंगरात दोआई नावाचं छोटं स्टेशन आहे. 1985 पासून तिथे स्टाफ नाही आणि दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात. तरी लोक लांबून येतात, कारण याचा एक प्लॅटफॉर्म जमिनीवर आहे आणि दुसरा सुमारे 70 मीटर खाली बोगद्यात. बरेच जण कारने येतात, जिन्याच्या तोंडाशी फोटो काढतात आणि निघतात, पण असं केलं तर स्टेशन बघितलंच नाही असं मला मनापासून वाटतं. खाली उतरा, चढून वर या आणि वरच्या प्लॅटफॉर्मवरून परत जा, या क्रमाने केलंत तर स्टेशनचा सगळा इतिहास पायांनीच कळतो.

आधी अप-डाउन समजून घ्या. आपल्याकडे मुंबईकडे येणारी गाडी अप, तशी तिथे टोकियोकडे जाणारी अप. म्हणजे मिनाकामीहून पुढे नागाओकाकडे जाणारी डाउन, आणि ती थांबते खाली बोगद्यात.

टोकियोहून ताकासाकीपर्यंत शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) साधारण 50 मिनिटं लागतात, साध्या लोकलने दोन तासांच्या आसपास. तिथून जोएत्सु लाइनची लोकल तासाभरात मिनाकामीला सोडते, मग गाडी बदलायची आणि दहाएक मिनिटांत दोआई. खरी कसरत आहे ती टाइमटेबलची, मिनाकामीच्या पुढे दोन गाड्यांमध्ये कित्येक तासांचं अंतर असतं, त्यामुळे आधी परतीची अप गाडी पक्की करा आणि मग तिच्या हिशोबाने यायची डाउन गाडी निवडा, उलटं करायला गेलात तर डोंगरात अडकून बसाल. तिकीट कागदीच काढा, सुइका कार्डाची (गेटला टॅप करायच्या प्रीपेड कार्डाची) हद्द मिनाकामीलाच संपते. परदेशी पर्यटकांना मिळणारा जेआर रेल्वे पास असेल तर प्रश्नच नाही.

मिनाकामी सोडलं की गाडी थोड्याच वेळात बोगद्यात शिरते, हा शिन-शिमिझु बोगदा, 13.5 किमी लांब. वाटेत युबिसो स्टेशन लागतं, त्याचाही डाउन प्लॅटफॉर्म बोगद्यातच, तिथे घाईने उतरू नका, दोआई त्याच्या पुढचं. उतरलात की पहिली जाणवते ती थंडी, बाहेर ऑगस्टचं ऊन असलं तरी खाली जॅकेट लागतं, भिंती ओल्या असतात, कधी कधी धुकं पण भरलेलं असतं. गाडी निघून जाऊ द्या आणि दोन मिनिटं तिथेच थांबा.

मग जिना. सरळ रेषेत 462 पायऱ्या, लांबी 338 मीटर, एकही वळण नाही, खाली उभं राहिलं की वरचं टोक एवढुसं दिसतं. घाई करू नका, मध्ये बसायला बाक आहेत आणि पायऱ्यांवर आकडे लिहिलेत त्यामुळे किती राहिल्या ते कळत राहतं. चढताना बाजूला एक रिकामा पट्टा दिसेल, ती जागा एस्कलेटरसाठी सोडली होती पण तो कधी बसवलाच नाही. वर आल्यावर नदी आणि रस्त्यावरून जाणारा, वरून-बाजूंनी झाकलेला लांब पूल लागतो, त्यात आणखी 24 पायऱ्या, म्हणजे तिकीट गेटपर्यंत एकूण 486. धडधाकट माणसाला दहा मिनिटं लागतात, पण तुम्ही वीस धरा. स्टाफ होता त्या काळात डाउन गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधीच गेट बंद करायचे, कारण त्यानंतर गेलेला माणूस खाली पोचायचाच नाही.

आता एवढं खोल कशाला नेलं? मूळची लाइन 1931 ची. शिमिझु बोगदा तेव्हाचा, 9.7 किमी, त्या काळी जपानमधला सगळ्यात लांब, आणि एवढ्या लांब बोगद्यात वाफेच्या इंजिनाचा धूर झेपणार नाही म्हणून मिनाकामी ते इशिउची हा पट्टा पहिल्या दिवसापासून विजेवर. दोआई तेव्हा नुसतं सिग्नलचं ठिकाण होतं, गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी, पूर्ण स्टेशन झालं 1936 मध्ये. पण लाइन सिंगल होती, वाहतूक वाढली तसं दुसऱ्या बोगद्याचं काम 1963 मध्ये सुरू झालं आणि 1967 मध्ये तो चालू झाला. जुनी लाइन गोल वळणं घेत डोंगर चढून मग बोगद्यात शिरते, नवीन बोगदा मात्र खालूनच सरळ काढला, त्यामुळे डाउन गाडी स्टेशनच्या कितीतरी खालून जाऊ लागली आणि प्लॅटफॉर्म तिथेच करावा लागला. पुढे 1982 मध्ये जोएत्सु शिनकान्सेन आली, तिचा वेगळा 22 किमीचा बोगदा, आणि लांबच्या बहुतेक गाड्या या लाइनवरून हटल्या.

त्याआधी या जिन्यावर गर्दी असायची गिर्यारोहकांची. टोकियोतल्या उएनो स्टेशनहून रात्रीची गाडी पकडायची, पहाटे इथे उतरायचं आणि पाठीवर सॅक घेऊन चढत तानिगावा डोंगराकडे निघायचं. डोंगर उंचीला 1,977 मीटरच, पण तिथे 800 हून जास्त लोकांचे जीव गेलेत. स्टेशनकडून रोपवेकडे चालत साधारण वीस मिनिटं लागतात, वाटेत त्यांचं स्मारक आहे, तिथे जरूर थांबा. हाताशी वेळ असला तर रोपवेने वर जाऊन या, नाहीतर स्टेशनची तिकोनी छपराची इमारत निवांत बघा, जुन्या ऑफिसच्या जागेत आता कॅफे झालाय, तो उघडा आहे का ते आधी बघून घ्या.

परत जाताना वरच्या प्लॅटफॉर्मवरून अप गाडी घ्या. ही जुनी, 1931 ची लाइन, दोआई सुटल्यावर गाडी गोल फिरत खाली उतरते आणि युबिसो स्टेशन आधी खाली दिसतं, मग गाडी वळसा घेऊन तिथेच येते. त्या वेळी फोन बाजूला ठेवून खिडकीतून बघा, फार पटकन होतं.

सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील तर त्यांना मिनाकामीहून रोपवेकडे जाणाऱ्या बसने आणा, बस दोआई स्टेशनसमोर थांबते, आणि अप प्लॅटफॉर्मला जिन्याची भानगड नाही त्यामुळे परतीची गाडी सगळे एकत्र घेऊ शकता. लिफ्ट कुठेही नाही, म्हणून चाकांची मोठी बॅग घेऊन डाउन गाडीने येऊ नका, आणि पाणी मिनाकामीलाच भरून घ्या.