थाई भाषा शिकायला सुरुवात कशी करावी : वर्णमालेच्या वाटेने

थाई शिकू पाहणारा मराठी माणूस बहुतेकदा इंग्रजी पुस्तक हाती घेतो आणि तिथेच त्याचे कष्ट वाढतात. अशी पुस्तके क आणि ख यांतला फरक पानभर समजावतात, उच्चार रोमन अक्षरांत देतात आणि व्यंजनांचे तीन गट निव्वळ पाठ करायला सांगतात. ज्याने शाळेत क, ख, ग, घ, ङ घोकले आहे, त्याला यातले बरेच काही आधीच येत असते. थाई आपल्या भाषाकुळातली नाही हे मात्र आरंभीच मान्य करावे, कारण तिचे सूर, वाक्यरचना आणि रोजच्या वापरातले शब्द आपल्याला परके आहेत. लिपीची गोष्ट निराळी आहे. ती दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून निघून ख्मेर लिपीच्या मार्गाने तिकडे पोहोचली आणि सुखोथाईचा राजा राम खामहॅङ याने १२८३ मध्ये तिला थाई रूप दिले, असे परंपरा सांगते. त्यामुळे बोलण्यासाठी कान नव्याने तयार करावा लागतो, तर वाचण्यासाठी जुनीच शिदोरी पुरते.

पहिली पायरी : सूर ओळखणे

थाई भाषेत पाच सूर आहेत : सपाट, खालचा, उतरता, उंच आणि चढता. ‘मा’ सपाट सुरात म्हटले तर ‘येणे’, उंच सुरात म्हटले तर ‘घोडा’ आणि चढत्या सुरात म्हटले तर ‘कुत्रा’. प्रवाशाला खरा घोळात टाकणारा शब्द ‘क्लाइ’ आहे, कारण सपाट सुरात त्याचा अर्थ ‘लांब’ आणि उतरत्या सुरात ‘जवळ’ असा होतो. मराठीतही आपण सूर बदलतोच. आश्चर्याने विचारलेल्या ‘हो?’चा सूर चढतो आणि ठासून म्हटलेल्या ‘हो!’चा उतरतो, पण शब्द तोच राहतो. थाईत शब्दच बदलतो. म्हणून प्रश्न विचारताना शेवटच्या शब्दाचा सूर उचलण्याची आपली सवय तिथे नडते.

पहिले दोन आठवडे अशा दहा-बारा शब्दांच्या जोड्याच घ्याव्यात. मूळ थाई भाषकाचे ध्वनिमुद्रण ऐकावे, लगेच मागोमाग म्हणावे, आपला आवाज फोनवर मुद्रित करून दोन्ही शेजारी शेजारी ऐकावेत. फोनवरचे बोलून टंकलेखन थाई भाषेवर लावून पाहणे ही चांगली परीक्षा आहे, कारण आपण ‘घोडा’ म्हटले आणि पडद्यावर ‘कुत्रा’ उमटला, तर सूर कुठे घसरला हे तिथल्या तिथे कळते.

दुसरी पायरी : वही देवनागरीत ठेवणे

थायलंडच्या सरकारी रोमन लेखनपद्धतीत सूर दाखवत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत, आणि च व छ हे दोन्ही ध्वनी एकाच तऱ्हेने लिहितात. देवनागरीत हा गोंधळ होत नाही. इंग्रजी शब्दांसाठी आपण स्वीकारलेले ॲ आणि ऑ हे स्वर थाईसाठीही उपयोगी पडतात, आणि सूर दाखवायला अक्षरावर लहानसा बाण काढला की काम भागते. एक स्वर मात्र आपल्याकडे नाही : ‘ई’ म्हणताना ओठ जसे ताणतो तसेच ठेवून ‘ऊ’ म्हणण्याचा प्रयत्न केला की तो साधतो.

तीन ठिकाणी जीभ आवरावी लागते. थाई ‘च’ हा चिंचेतला आहे, चमच्यातला नाही. शब्दाच्या आरंभी ङ येतो, उदाहरणार्थ ‘ङान’ म्हणजे काम. ‘रंग’ शब्दातला अनुस्वार लांबवून तिथूनच पुढचा शब्द सुरू करण्याचा सराव केला की तो जमतो. तिसरी अडचण खास आपली आहे. फूल, फळ म्हणताना आपल्यापैकी बरेच जण दात ओठाला लावतात, आणि थाईत ओठ मिटून काढलेला फ व दात लावून काढलेला फ हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. ‘फोन’ चढत्या सुरात म्हणताना ओठ मिटले तर ‘फळ, परिणाम’ आणि दात लावले तर ‘पाऊस’.

तिसरी पायरी : लिपी वर्गांप्रमाणे शिकणे

लिपी नंतर पाहू, असे म्हणू नये. थाई व्यंजने ४४ आहेत, त्यांतली दोन आता वापरात नाहीत, आणि उरलेल्यांचा क्रम क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व, श ष स ह असाच आहे. शेवटाकडे चक्क ळ सुद्धा भेटतो, मात्र आज त्याचा उच्चार ल असाच करतात. रोज एक वर्ग लिहून काढला तर आठवडा-दीड आठवड्यात अक्षरे ओळखीची होतात.

व्यंजनांचे मध्यम, उच्च आणि निम्न असे तीन गट पडतात आणि अक्षराचा सूर त्या गटावर ठरतो. परदेशी विद्यार्थी या याद्यांनी हैराण होतात. आपण त्या पाठ करण्याऐवजी वर्ग डोळ्यांसमोर आणावा : प्रत्येक वर्गातले पहिले अक्षर मध्यम गटात, दुसरे उच्च गटात आणि तिसरे, चौथे, पाचवे निम्न गटात. श, ष, स, ह उच्च, य, र, ल, व, ळ निम्न, अ मध्यम. थाई ध्वनींसाठी नंतर जोडलेली ड, ब, फ यांसारखी थोडी अक्षरे तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागतात. यामागचे कारणही सोपे आहे. ग, द, ब हे एके काळी तिथेही घोष, म्हणजे गळ्यातल्या कंपनासह, उच्चारले जात. पुढे त्यांतला घोष गेला, ते ख, थ, फ झाले, आणि हरवलेला फरक सुराने उचलून धरला.

ज्यांच्या घरी त्रिसरण म्हटले जाते त्यांना हा बदल क्षणात उमगेल. आपण ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणतो ते पाली वाक्य थाई विहारात ‘फुत्थङ सरनङ खत्छामि’ असे ऐकू येते. ब चा फ, द्ध चा त्थ, ग चा ख, ण चा न आणि अनुस्वाराचा ङ : निम्मी उच्चारसारणी या तीन शब्दांत आहे.

चौथी पायरी : पाट्या वाचणे

स्वरचिन्हे व्यंजनाच्या पुढे, मागे, वर आणि खाली लागतात. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि उच्चार नंतर करतो. थाईत ए, ॲ, ओ, आइ यांचीही तीच रीत आहे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, याची मात्र डोळ्यांना सवय होईपर्यंत धीर धरावा.

पहिली पाटी खाणावळीची घ्यावी : ‘रान आहान’. ‘रान’ म्हणजे दुकान. ‘आहान’ हे लिहिले आहे आहार असेच, पण शेवटच्या र चा आणि ल चा उच्चार न होतो. ‘रान’वर सूरचिन्ह आहे म्हणून तो उंच सुरात जातो, ‘आहान’वर एकही चिन्ह नाही, तरी ह उच्च गटातला असल्याने ‘हान’ आपोआप चढतो. सूरचिन्हे चारच आहेत आणि त्यांची नावे एक, थो, त्री, चत्तवा अशी आहेत, म्हणजे आपलेच एक, द्वि, त्रि, चतुर्. शेवटी येणारे च, ज, द, स, श हे सारे त् होतात, म्हणून आकाश ‘आकात’ होतो आणि त्याचा अर्थ हवा, हवामान असा आहे. संस्कृतातल्या प चा पुष्कळदा ब होतो, म्हणून छोनबुरी या गावाचे नाव म्हणजे जलपुरी आहे. बँकॉकच्या विमानतळाच्या नावातली सुवर्णभूमी उच्चारात ‘सुवन्नफूम’ होते.

वारांची नावे तर एका बैठकीत पाठ होतात : आथित, चान, अङ्खान, फुत, फरुहत, सुक, साओ. यातला मंगळवारचा ‘अङ्खान’ म्हणजे अंगारक, ज्याच्यावरून आपली अंगारकी आली. अर्थाच्या बाबतीत मात्र सावध असावे. ‘महावित्थयालइ’ म्हणजे विद्यापीठ. आपण ज्याला महाविद्यालय म्हणतो ते तिथे नुसते ‘वित्थयालइ’.

या ओळखीच्या शब्दांवर विसंबून बोलायला जाऊ नये. ते पाटीवर, वर्तमानपत्रात आणि बातम्यांत कामी येतात; बाजारात ‘किन’ (खाणे), ‘नाम’ (पाणी), ‘पाइ’ (जाणे) असले छोटे शब्दच चालतात.

पाचवी पायरी : वाक्ये

क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष, काळ काहीही लागत नाही. ‘पाइ’ हे जातो, जाते, गेलो, गेल्या या सगळ्यांना पुरते. पुढे घडायचे असेल तर क्रियापदाआधी ‘चा’, झालेले असेल तर शेवटी ‘लॅओ’ येतो. कर्म क्रियापदानंतर आणि विशेषण नामानंतर ठेवायचे. आरंभासाठी उत्तम वाक्य म्हणजे ‘किन खाव रू याङ’, अर्थात ‘जेवलात का?’. आपल्याकडल्याप्रमाणेच ते निव्वळ विचारपूस म्हणूनही चालते, आणि त्याला ‘किन लॅओ’ किंवा नुसते ‘याङ’ (अजून नाही) एवढे उत्तर पुरते.

मोजताना वस्तूनुसार शब्द लावावा लागतो. ‘तीन मित्र’ म्हणायला ‘फ्यन साम खोन’, शब्दशः ‘मित्र तीन जण’. आपला ‘जण’ माणसांपुरता आहे. थाईत प्राण्यांना ‘तुआ’, वाहनांना ‘खान’, पुस्तकांना ‘लेम’ असे निरनिराळे शब्द आहेत. प्रत्येक नाम त्याच्या या सोबत्यासकटच वहीत उतरवावे.

वाक्याच्या शेवटी आदरासाठी पुरुषाने ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ म्हणायचे असते. हे बोलणाऱ्याच्या लिंगावर ठरते, ऐकणाऱ्याच्या नव्हे. हॉटेलातल्या स्वागतिकेचे ‘सवात्दी खा’ (नमस्कार) ऐकून तेच परत करणारे पुरुष पर्यटक हमखास दिसतात. स्त्रियांनी विधानात ‘खा’ उतरता आणि प्रश्नात उंच ठेवावा. अनोळखी माणसाला हाक मारताना वयाने मोठ्याला ‘फी’, लहानाला ‘नोङ’ म्हणावे. दादा-ताई म्हणणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही.

सहावी पायरी : आकडे

नुङ, सोङ, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काओ, सिप हे दहा आले की बाजारात निभते. दहा हजाराला ‘मुन’ आणि लाखाला ‘सॅन’ असे स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे मोठ्या रकमा इंग्रजीपेक्षा मराठीतून समजणे सोपे जाते. थाई माणसाच्या संदेशात ‘५५५’ आले तर तो हसतो आहे असे समजावे, कारण पाच म्हणजे ‘हा’. वर्ष बुद्धसंवतात मोजतात, म्हणून दुधाच्या खोक्यावर २५६८ दिसले तर त्यातून ५४३ वजा करावेत.